बिजागरीतला दात

चूक माझी होती, आणि ती मी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवली होती. नोंदवहीत एका बाईच्या नावासमोर, ‘कारण’ या रकान्यात, मी ‘गैरवापर’ असा शब्द लिहिला, टीपकागदाने शाई टिपली आणि वही मिटली. त्या शब्दामुळे तिला दुसरा पाय मिळायचा बंद झाला. शब्द खोटा होता. तो खोटा आहे हे मला त्याच दिवशी संध्याकाळी जेवायला बसल्यावर कळलं. तरीही पुढे सहा महिने मी तो खोडला नाही. न कळून झालेल्या चुकीचं एक वेळ काही वाटत नाही. कळल्यानंतरच्या त्या सहा महिन्यांचं मात्र आज पन्नाशीच्या जवळ आल्यावरही वाटतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

पन्नास सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही गोष्ट. दापोडीला रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर पत्र्याची एक शेड होती. तिथे आम्ही लाकडी पाय बनवत होतो. पिंपरीकडे तेव्हा कारखान्यांची धुराडी नुकती कुठे उभी राहायला लागली होती. बाकी सगळं रान. आम्ही तिघंच जण. एक साहेब, ते फौजेतून निवृत्त झालेले, लढाईत जखमी झालेल्या जवानांना पाय बसवायच्या कामात त्यांची सगळी नोकरी झाली होती. आता चार सज्जनांच्या मदतीने गरिबांना फुकट पाय द्यायचे, एवढाच त्यांचा ध्यास होता. दुसरे चाचा, घोड्यांचे खोगीर शिवण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं, आता पायाचं चामडं शिवत. तिसरा मी, लाकूड आणि लोखंड बघणारा मिस्त्री. माझं अक्षर बरं, म्हणून नोंदवहीही माझ्याचकडे होती.

पाय शिवणीच्या झाडाच्या लाकडाचा. हलकं असतं आणि तडकत नाही. तळव्याला जुन्या लॉरीच्या टायरचा तुकडा. दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या मांडीपर्यंत जायच्या, मांडीला चामड्याचा पट्टा, आणि गुडघ्यापाशी पट्ट्यांना बिजागरी. ही बिजागरी माझी. साहेबांनी फौजेतला एक नमुना आणून दिला होता, त्याबरहुकूम मी ती कानशीने घासून बनवायचो. बिजागरीच्या आत एक लोखंडी दात ठेवलेला असे. गुडघा काटकोनात वाकला की तो दात अडायचा आणि पाय तिथेच थांबायचा. नमुन्यात दात होता, म्हणून माझ्यातही होता. पाहुणे आले की साहेब म्हणत, “बघा, ही आमच्या मिस्त्रीची बिजागरी. विलायती मागे पडेल.” मी मान खाली घालून लाकूड तासायचो, पण कान तिकडेच असायचे. माझ्या हातच्या कामाला त्याआधी कुणी इतकं चांगलं म्हटलं नव्हतं.

शेडमध्ये एकच खुर्ची होती, वेताची, हातांची. येणाऱ्याला तिच्यावर बसवून माप घ्यायचं. पाय तयार झाला की तिच्यावरच बसवून तो चढवायचा, माणसाला उभं करायचं, दहा पावलं चालवायचं आणि पुन्हा खुर्चीवर बसवायचं. नीट बसता आलं की पाय पास. गावांकडून येणारी कितीतरी माणसं आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवर बसत ती आमच्याकडे. कुणी अगदी कडेला टेके, कुणी आधी उपरण्याने ती झटकून घेई. मावळातला एक म्हातारा तर उरलेला एक पाय वर घेऊन अर्धी मांडी ठोकूनच बसला. मी हसत त्याचा पाय खाली ओढला आणि म्हणालो, “आजोबा, असं नाही, असं.” त्या वेळी माझ्या डोक्यात काही शिरायला हवं होतं. शिरलं नाही.

दिलेले पाय पुन्हा दुरुस्तीला येत, आणि तो आमच्या करमणुकीचा दिवस असे. पाय बघून माणूस काय करतो ते चाचा ओळखत. एकदा एका पायाचं चामडं उंदरांनी कुरतडलेलं होतं. चाचांनी वास घेतला आणि विचारलं, “खोबऱ्याचं तेल लावलंस?” तो म्हणाला, “व्हय, चकाकी येती.” चाचा म्हणाले, “मग उंदराला भाकरी पण ठेवत जा बाजूला, नुसतं कोरड्यास कशाला?” तेव्हापासून आम्ही सगळ्यांना करंजाचं कडू तेल देऊ लागलो. एका पाणक्याचा पाय खालून कुजून आला होता. एका गुराख्याच्या पायावर खोल खाचा पडल्या होत्या. तो म्हणे त्यावर विळा घासायचा. कुणाचा टायर बाहेरच्या कडेला झिजे, कुणाचा टाचेला. नव्या पायाच्या गुळगुळीत लाकडापेक्षा हे झिजून आलेले पायच मला बघावेसे वाटत.

पण एक नियम होता. पाय सरळ वापरून झिजला किंवा मोडला तर दुरुस्ती, ती होत नसेल तर नवा. बेपर्वाईने नासवला असेल, तर ‘गैरवापर’ लिहायचं, पाय ठेवून घ्यायचा आणि पुन्हा द्यायचा नाही. गरजू लोकांची रांग मोठी होती, म्हणून नियम चुकीचा नव्हता. लिहिणारा शहाणा हवा होता, एवढंच.

ती बाई चाकणजवळच्या एका वाडीतली. पस्तिशीची असेल. नवरा वारलेला, घरात ती आणि तिची म्हातारी सासू. चाकणच्या बाजारात एका व्यापाऱ्याच्या वखारीत ती कांदा निवडायला जायची. गोण्या भरलेल्या बैलगाडीचं चाक पायावरून गेलं आणि डावा पाय गुडघ्याखाली वीतभर उरला. दिवाळी झाल्यावर ती पहिल्यांदा आली, कांद्याच्याच लॉरीतून, फाट्यावर उतरून कुबडी टेकत.

खुर्चीवर बसवली तशी इकडेतिकडे बघून म्हणाली, “आगं बया! पाटलीणच झाले की वो मी. आता कुणीतरी पानाचा डबा आणा.”

चाचा हसले. “पाय कसा गेला, ताई?”

“कांद्यानं नेला. आदी डोळ्यांतलं पाणी काढायचा, तेवढ्यानं त्याचं पोट भरंना. आता म्या त्याच्याकडनंच वसूल करनार हाय.”

पाय बसला, दहा पावलं चालली, खुर्चीवर बसली, पास झाली. जाताना तिने चाचांना आणि मला हात जोडले आणि साहेबांकडे बघून म्हणाली, “सायब, वखारीत मुकादम म्हनतो, जिची पाटी तिनं उचलायची. आता माझी म्या उचलीन. सासूला घेऊन भावाच्या दारात न्हाई बसायचं मला.” सगळा जीव त्यातच होता, हे ती त्या दिवशीच आम्हाला सांगून गेली होती.

चैत्रात ती परत आली. पाय चढवलेला नव्हता, काखोटीला होता. मी तो हातात घेतला आणि माझं डोकं फिरलं. माझ्या बिजागरीतला दात कुणीतरी घासून काढला होता. दात गेल्यामुळे पट्टी भलतीकडे वाकली होती, एक खिळा तुटला होता, आणि मांडीचं चामडं मागून कापल्यासारखं झालं होतं.

“हा दात कुणी काढला?”

“आमच्या लोहारानं. लई भला मानूस. सुपारीचं खांड बी घेतलं न्हाई.”

“पण का काढला?”

“टोचत व्हता.”

“दात आतल्या बाजूला असतो. तो टोचूच शकत नाही.”

“अंगाला न्हाई टोचत, मिस्त्री. खाली बसाय गेलं की टोचतो. पाय म्होरं आसा दांडक्यावानी ऱ्हातो. कांदा काय टेबलावर निवडत्यात व्हय? पायाची अडचण हुती म्हनून बाया सरकून बसायच्या. लहान पोरं त्यावर घसरगुंडी खेळायची.”

चाचा खुदकन हसले. मला मात्र वाटलं ते मला हसले. मी म्हणालो, “बिजागरी अशी घासायची नसते. सांगितलं होतं की नाही?”

“सांगितलं व्हतं.”

“मग?”

तिने माझ्याकडे नीट बघितलं. रागाने नाही, भाव करताना समोरच्याकडे बघतात तसं. “मिस्त्री, एक इचारू? तुमी जेवता कुठं बसून?”

“ते इथे विचारायचं कारण नाही,” मी म्हणालो, वही उघडली आणि तो शब्द लिहिला. साहेबांनी माझ्या अक्षरावर विश्वास ठेवून खाली सही केली. तिला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, “काय लिवलं?” मी वाचून दाखवलं आणि त्याचा अर्थही सांगितला. ती “बरं” म्हणाली, कुबडी घेतली आणि गेली. पाय मी भिंतीवरच्या खिळ्याला टांगला. त्याच्या चामड्याच्या वादीत कांद्याचा एक लाल पापुद्रा अडकलेला होता.

संध्याकाळी घरी गेलो. दापोडीच्या एका चाळीत आमची एक खोली होती. बायकोने पाट मांडला, ताट वाढलं. मी मांडी घालून बसलो, पहिला घास घेतला, आणि माझे दोन्ही गुडघे माझ्याकडे बघत आहेत असं मला वाटलं. ते काटकोनात नव्हते. काटकोनाच्या कितीतरी पुढे, घडी घातल्यासारखे मिटलेले होते. मी खोलीभर नजर फिरवली. एक खाट, एक पेटी, दोन पाट. खुर्ची नव्हती. माझ्या घरात खुर्ची नव्हती, माझ्या बापाच्या घरात नव्हती, आणि चार वर्षं मी माणसांना खुर्चीवर बसण्यापुरतेच पाय करून देत होतो.

“भाजी खारट झालीय का?” बायकोने विचारलं.

“नाही.”

“मग असं काय बघताय ताटाकडे?”

मी पुढचा घास घेतला. दुसऱ्या दिवशी शेडवर गेल्यागेल्या साहेबांना सांगायचं ठरवलं होतं. पण त्याच दिवशी पाहुणे आले, आणि साहेबांनी माझी बिजागरी त्यांच्या हातात दिली. मी मान खाली घालून लाकूड तासत राहिलो. त्या दिवशी नाही तर उद्या, उद्या नाही तर परवा. शब्द खोडायचा म्हणजे बिजागरी चुकली हे कबूल करायचं. एकीची नाही, दिलेल्या सगळ्यांची. ते माझ्याने होईना. दरम्यान मी आणखी पाय बनवले, दातासकट.

पाऊस आला आणि सरत आला. भाद्रपदात एक दिवस चाचा चामड्याला टोचा मारता मारता म्हणाले, “मिस्त्री, मान दुखत नाही का रे तुझी?”

“का?”

“सहा महिने झाले, त्या भिंतीपाशी आला की तू मान तिरकी करून चालतोस. एखाद दिवस तशीच राहील वाकडी. मग तिचा पट्टा मला शिवायला लावशील.”

मी हातातलं काम खाली ठेवलं. चाचांचा मेहुणा चाकणला लॉऱ्या दुरुस्त करायचा, आणि चाचा ईदला तिकडे जाऊन आले होते. त्यांनी सांगितलं, ती बाई अजून वखारीत आहे. कुबडी बाजूला ठेवून बसून निवडते. तिच्या भरलेल्या पाट्या ओळीतल्या बाकीच्या बाया आळीपाळीने उचलतात. पण मुकादमाने बजावलंय, दसऱ्यानंतर नवा कांदा येईल, ओळ नव्याने धरली जाईल, आणि तेव्हा जिची पाटी तिने उचलली नाही तर जागा दुसरीला. भावाकडे निरोपही गेलाय म्हणे.

“तुम्हाला कधीपासून माहीत होतं?” मी विचारलं. “दाताचं, म्हणतो मी.”

“तो पिंपरीचा फिटर आठवतो? आपला पाय घालून नमाज पढायचा तर एक पाय तोफेसारखा पुढे. सगळी रांग हसू दाबायची. मी तुला तेव्हाच बोललो होतो. तू काय म्हणालास? ‘चाचा, नमुना फौजेचा आहे.’ फौजेपुढे मी कशाला बोलू, बाबा?”

त्या शनिवारी मी भिंतीवरचा पाय नाही, माझ्याच दोन नव्या पट्ट्या घरी नेल्या आणि रविवारी सकाळी उठल्याउठल्या माझ्या धडधाकट डाव्या पायावर बाहेरून आवळून बांधल्या, दातासकट. ठरवलं, आजचा दिवस असाच काढायचा.

पहिली फजिती टमरेल घेऊन गेल्यावर झाली. तिचं वर्णन करत नाही. उकिडवं बसता न येणाऱ्या माणसाने तिथे काय करावं, याची वाचकाने कल्पना करावी. आत माझी धडपड ऐकून बाहेरून शेजारी ओरडला, “राव, आत कुस्ती चाललीय का?” अंघोळीला पाटावर टेकलो तो पाय सरळ पुढे, अर्धं पाणी चुलीकडे. जेवायला बसताना मी भिंतीला पाठ लावून हळूहळू घसरत खाली आलो, आणि लोखंडी पाय थेट आमटीच्या पातेल्याला लागला. बायको आधी घाबरली, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली, मग तो पदरही सुटला.

“अहो, त्या बिचाऱ्या माणसांचं असंच होतं का रोज?” हसता हसता तिने विचारलं, आणि पदर सावरून घेतला.

“रोज,” मी म्हणालो. मग मी तिला सगळं सांगितलं, त्या शब्दासकट. तिने आमटी पुसून काढली, पातेलं सरळ केलं, आणि एवढंच म्हणाली, “मग आता इथे बसून काय होणार? उठा. उठता येतंय का बघा.”

येत नव्हतं. तिनेच हात दिला.

पुढचे पंधरा दिवस मी आणि चाचा दोघेच त्या बाईच्या नव्या पायाच्या कामाला लागलो. दात काढून टाकला. पण नुसता दात काढून भागत नाही, हे तर त्या लोहाराच्या कामावरून दिसतच होतं. बिजागरी अंगठाभर मागे सरकवली, म्हणजे गुडघा मिटला तरी पट्टी ओढली जात नाही. चाचांनी गुडघ्यामागचं चामडं चंद्रकोरीसारखं कापलं. पाऊल पुढच्या बाजूला लाकडाऐवजी रबराचं केलं, टाच उचलून बसता यावं म्हणून. आणि एक गोष्ट मला त्या भल्या लोहारानेच शिकवली होती, त्याला न भेटता. पाय कधी ना कधी मोडणारच. दगड, चिखल, पाणी, उन्हाचा घाम, सगळं त्याच्यावरून जाणार. तो दापोडीला आणावा लागू नये, गावातच नीट व्हावा. म्हणून मी ठोकलेल्या खिळ्यांऐवजी नट आणि बोल्ट घातले, बैलगाडीच्या कामात कुठल्याही लोहाराकडे असतात त्या मापाचे. टायर असा बसवला की कुठलाही चांभार काढून नवा लावील. पुढचं आधीच सांगून टाकतो: त्या पायाने पुढे चार पावसाळे काढले. टायर तीनदा बदलला, एक बोल्ट बदलला, आणि एकदाही तो आमच्याकडे आला नाही.

साहेबांना सांगायचं मात्र राहिलं होतं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी त्यांच्यापुढे उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी हत्यारांची पूजा. माझे वडील सुतार, ते म्हणत, खोटं काम केलेली कानस देवापुढे ठेवू नये, आधी काम निस्तरावं.

“साहेब, माझी बिजागरी चुकली आहे. आणि एका बाईच्या नावापुढे मी खोटा शब्द लिहिला आहे. तो खोटा आहे हे मला तेव्हाच कळलं होतं.”

साहेबांनी चष्मा काढला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “दाखव.” मी जुन्या पट्ट्या बांधून जमिनीवर बसून दाखवलं, मग नव्या बांधून. ते बराच वेळ बघत राहिले आणि एकदम खुर्चीवरून उठून, इस्त्रीच्या पाटलोणीसकट, माझ्यासमोर जमिनीवर बसले.

बसले खरे, पण उठता येईना. चाचांनी एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने धरून त्यांना उचललं. पाटलोण झाडत ते म्हणाले, “तीस वर्षं मी जमिनीवर बसलो नाही. तेव्हा बाकीचंही कुणी बसत नसेल, असं धरून चाललो. नमुना मी आणला होता, मिस्त्री. ती चूक दोघांत वाटून घेऊ.” मग त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. “हा शब्द मात्र तुझ्या अक्षरात आहे. तूच खोड. पण इथे बसून नाही. वही घेऊन जा तिच्याकडे.”

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. चाचांनी प्रसादाचा पेढा घेतला आणि गोणपाटात पाय गुंडाळून माझ्या हातात दिला. मोशी सोडून, इंद्रायणीचा पूल ओलांडून, रिकाम्या लॉरीच्या मागे बसून मी चाकणला गेलो. पाय मांडीवर, त्यावर वही.

वखारीत शिरलो तर कांद्याच्या वासाने डोळे भरून आले. पुढे जे झालं त्यात ते फार सोयीचं पडलं. पंधरा-वीस बाया ओळीने बसून कांदे निवडत होत्या. चांगला पाटीत, नासका मागे. ती मधोमध होती, कुबडी पाठीशी. तिने मला ओळखलं, पण हात थांबवला नाही.

शेजारणीने विचारलं, “कोन गं ह्यो?”

“पायवाला मिस्त्री.”

ओळीत एकदम कुजबुज झाली, आणि पलीकडून एक म्हातारी ओरडली, “आगं, मंजी गैरवापरवाला!”

सगळी ओळ हसली. मला काही कळेना. मग कळलं. माझा शब्द तिने गावी आणला होता आणि सहा महिन्यांत बाजारभर झाला होता. कुणी रिकाम्या पाटीवर बसलं की, “आगं, गैरवापर करू नगं!” कुणी पदराने नाक पुसलं की, “झाला गैरवापर, लिव वहीत!” माझ्यासमोरच एकीने कांद्याने दुसरीला मारलं, आणि तिसरी म्हणाली, “कांद्याचा गैरवापर!” मलाही हसू आलं.

मी गोणपाट सोडलं. ती पायाकडे बघत राहिली.

“दात?” तिने विचारलं.

“काढला.”

“आदी घालून बगते. मग बोलू.” आणि मला म्हणाली, “तवर बसा माझ्या जागी. हात चालू ठेवा, मुकादम बगतोय.”

मी तिच्या जागी मांडी घालून बसलो आणि कांदे निवडायला लागलो. दोन बायांनी तिला आडोशाला नेलं. ती परत आली ती चालत. ओळीसमोर थांबली. सगळ्यांचे हात थांबले. तिने आधी गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच उकिडवी बसली. उठली. पुन्हा बसली, आणि उजवा पाय आत घेऊन, डावा त्याला टेकवून, पुरती नाही पण चांगली अर्धी मांडी घातली. मग माझ्यासमोरची भरलेली पाटी तिने स्वतःकडे ओढली, एका बाईने डोक्याला चुंबळ दिली, आणि ती पाटी घेऊन उभी राहिली. एकदा डावीकडे झोक गेला. मी अर्धवट उठलो. “बसा वो!” ती खेकसली. सरळ झाली, आणि मुकादमासमोरून, त्याच्याकडे न बघता, पाटी काट्यावर टाकून आली.

मुकादम मिशीत हसला आणि म्हणाला, “बरं बरं. दसऱ्यानंतर तुझी जागा तुझी.”

ती परत येऊन माझ्यासमोर बसली. “आता बोला. ही वही कशापायी आनली?”

मी वही उघडली. तिचं नाव वाचलं, पुढचा शब्द वाचला, आणि सगळ्यांसमोर त्यावर आडवी रेघ ओढली. त्याच्या वर लिहिलं.

“काय लिवलं?”

“‘बिजागरी चुकीची. चूक मिस्त्रीची.’”

“बास?”

“नाही.” मी वही मिटली. “बाई, तुम्ही विचारलं होतं, मी कुठे बसून जेवतो. मी खाली बसून जेवतो. ते मला त्याच दिवशी कळलं होतं, आणि तरी मी...”

“थांबा,” ती म्हणाली. “मोट्यानं बोला. मागच्या बायांना ऐकू जात न्हाई.”

मग मी उभा राहिलो, आणि डोळ्यांतलं पाणी कांद्याचं आहे असं कुणाला वाटायचं ते वाटू दे म्हणून, शेवटच्या म्हातारीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “पाय तुम्ही नासवला नव्हता. मीच तो चुकीचा केला होता. हे मला सहा महिन्यांपूर्वी कळलं होतं, आणि माझ्या कामाला कुणी नाव ठेवू नये म्हणून मी गप्प बसलो. मला माफ करा.”